जबड्याची वाढ आणि दातांचे खनिजीभवन

सहा वर्षांच्या मुलाच्या खालच्या जबड्यात एकाच वेळी जेवढी कामे चालू असतात, तेवढी शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडात क्वचितच चालत असतील. वर दुधाचे दात अजून चावण्याचे काम करत असतात आणि त्यांची मुळे खालून विरघळू लागलेली असतात. त्यांच्याखाली हाडातल्या पोकळ्यांमध्ये कायमचे दात घडत असतात. पहिली कायमची दाढ हिरडीतून वर येत असते. जबड्याच्या मागच्या उभ्या भागावर एका कडेने नवे हाड चढत असते आणि दुसऱ्या कडेचे जुने हाड काढून टाकले जात असते. कानापुढच्या सांध्यात कूर्चेचा एक पातळ थर खालून हाडात बदलत असतो. खनिज कसे बसते, कुठे बसते आणि कुठे बसू दिले जात नाही, हे तिन्ही प्रश्न इथे एकाच छेदात विचारता येतात. हाडांच्या आणि दातांच्या अभ्यासकांना गेली तीनशे वर्षे जबड्याने धरून ठेवले आहे ते यामुळे.

एकच खनिज, निरनिराळी घडण

शरीराच्या कठीण भागांतले खनिज मुळात एकच आहे : कॅल्शियम आणि फॉस्फेट यांपासून बनणारे हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट. ते कधी शुद्ध नसते. त्यात कार्बोनेट, मॅग्नेशियम, सोडियम, फ्लोराइड थोड्याथोड्या प्रमाणात शिरलेले असतात आणि ते आम्लात किती सहज विरघळेल हे या भेसळीवर ठरते. दाताचे बाहेरचे कवच म्हणजे दंतवल्क किंवा एनॅमल. वजनाच्या हिशेबाने त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असते. त्याखालच्या डेंटिनमध्ये सुमारे ७० टक्के, हाडात ६० ते ७० टक्के आणि दाताच्या मुळावरच्या सिमेंटमच्या पातळ थरात ४५ ते ५० टक्के. हाड, डेंटिन आणि सिमेंटम यांचा सांगाडा कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांचा असतो आणि खनिजाचे सूक्ष्म पापुद्रे या धाग्यांच्या आत आणि भोवती बसतात. एनॅमलमध्ये कोलॅजन नसते. त्याची घडण वेगळ्याच पद्धतीने होते, आणि तो भाग पुढे सविस्तर येईल.

खनिज बसते कसे, या प्रश्नाची खरी अडचण उलट बाजूने आहे. पेशींभोवतीच्या द्रवात कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे प्रमाण असे असते की हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटचा एखादा स्फटिक एकदा तयार झाला तर तो आपोआप वाढत जावा. तरीही कातडी, स्नायू, रक्तवाहिन्या निरोगी माणसात मऊ राहतात. याचे सर्वांत बोलके उदाहरण जबड्यातच आहे. दात आणि हाड यांच्यामध्ये अस्थिबंधाचा एक थर असतो, सरासरी सुमारे ०.२ मिलिमीटर रुंदीचा. त्याच्या एका बाजूला सिमेंटम, दुसऱ्या बाजूला हाड, दोन्ही बाजू खनिजाने भरलेल्या, आणि तरी हा थर आयुष्यभर मऊ राहतो. म्हणजे खनिज कुठे बसावे याबरोबरच ते कुठे अडवावे याचीही काटेकोर व्यवस्था शरीरात असली पाहिजे.

या व्यवस्थेचा पहिला धागा लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या रॉबर्ट रॉबिसन यांच्या हाती १९२३ मध्ये लागला. वाढत्या हाडात आणि खनिज भरत असलेल्या कूर्चेत फॉस्फेट मोकळे करणारे एक विकर भरपूर असते, असे त्यांना आढळले. पुढे अल्कलाइन फॉस्फेटेज या नावाने ओळखले जाऊ लागलेले विकर ते हेच. फॉस्फेट वाढवून ते खनिजाला चालना देत असावे, हा रॉबिसन यांचा अंदाज अर्धा बरोबर होता. उरलेला अर्धा १९६० च्या दशकात स्विस संशोधक हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून कळला. रक्तात आणि लघवीत पायरोफॉस्फेट नावाचा साधा रेणू असतो आणि तो हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटच्या स्फटिकाला चिकटून त्याची वाढ रोखतो. अल्कलाइन फॉस्फेटेज नेमका हाच रेणू तोडते. जिथे हे विकर आहे तिथला अडथळा दूर होतो आणि शिवाय फॉस्फेट मोकळे होते. जिथे ते नाही तिथे पहारा कायम राहतो.

त्याच दशकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कूर्चा पाहताना अमेरिकेत क्लार्क अँडरसन आणि इटलीत एरमानो बोनुची यांना स्वतंत्रपणे एकच गोष्ट दिसली. पेशींपासून सुटलेल्या, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या पिशव्यांमध्ये खनिजाचे पहिले स्फटिक तयार होत होते. या पिशव्यांच्या आवरणावर अल्कलाइन फॉस्फेटेज असते. कूर्चेत, कोवळ्या हाडात आणि डेंटिनच्या अगदी पहिल्या थरात खनिजाची सुरुवात अशा पिशव्यांपासून होते. पुढचे खनिज मात्र पिशव्यांशिवाय, थेट कोलॅजनच्या धाग्यांत बसत जाते. एनॅमलमध्ये या पिशव्या सापडत नाहीत.

अडवण्याची ही व्यवस्था किती निर्णायक आहे ते एका दुर्मिळ आनुवंशिक आजारातून दिसते. कॅनडातले बालरोगतज्ज्ञ जॉन रॅथबन यांनी १९४८ मध्ये त्याला हायपोफॉस्फेटेशिया असे नाव दिले. हा आजार असलेल्या मुलांमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज नीट काम करत नाही, पायरोफॉस्फेट साचत जाते आणि हाडे मऊ राहतात. आजार सौम्य असेल तर त्याची पहिली खूण बहुधा दातात दिसते : मूल पाच वर्षांचे होण्याआधीच दुधाचे दात अख्ख्या मुळासकट गळून पडतात. दाताच्या मुळावर सिमेंटमचा थरच तयार झालेला नसतो, त्यामुळे अस्थिबंधाच्या धाग्यांना धरायला जागा मिळत नाही. याच्या नेमके उलट, ज्या उंदरांमध्ये पेशींबाहेर पायरोफॉस्फेट कमी पडते त्यांच्या मुळांवर सिमेंटम कित्येक पट जाड होते. एकाच रेणूच्या कमी-जास्त होण्याने दोन टोके गाठली जातात. २०१५ मध्ये हे विकर बाहेरून देणाऱ्या औषधाला अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये मान्यता मिळाली. पूर्वी ज्या बाळाचे जगणे अवघड होते, त्याच्या छातीच्या पिंजऱ्यात या औषधामुळे खनिज भरू लागते. रॉबिसनच्या प्रयोगापासून या औषधापर्यंत ब्याण्णव वर्षे गेली. मूलभूत संशोधनाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा.

भ्रूणातील सुरुवात

गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास खालच्या जबड्याच्या जागी कूर्चेची एक काडी दिसू लागते. योहान फ्रीडरिश मेकेल या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८२० मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती मेकेलची कूर्चा. हातापायांच्या हाडांत आधी कूर्चेचा साचा बनतो आणि मग त्याचे हाड होते. जबड्यात मात्र तसे घडत नाही. मेकेलच्या कूर्चेच्या बाहेरच्या बाजूला, जबड्याची मुख्य चेतातंतू-वाट जिथे दोन फाट्यांत विभागते त्या कोनात, पेशींचा एक दाट थर जमतो आणि त्यातच थेट हाड पडू लागते. मानेखालच्या गळपट्टीच्या हाडानंतर शरीरात सर्वांत आधी हाड होऊ लागणाऱ्या भागांत खालचा जबडा येतो. मेकेलच्या कूर्चेचा बराचसा भाग पुढे नाहीसा होतो. तिच्या मागच्या टोकाचे मात्र वेगळेच भवितव्य असते. त्यातून मध्यकर्णातली हातोडा आणि ऐरण ही दोन चिमुकली हाडे तयार होतात. जर्मन संशोधक कार्ल राइशर्ट यांनी १८३७ मध्ये हा संबंध दाखवला : सरपटणाऱ्या प्राण्यांत जी हाडे जबड्याचा सांधा बनवतात, तीच सस्तन प्राण्यांत ऐकण्याच्या कामाला लागली. पुढे मिळालेल्या जीवाश्मांनी हा प्रवास टप्प्याटप्प्याने दाखवून दिला.

जबड्याच्या पेशी मुळात कुठून येतात, यावर मोठा वाद झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांगाडा म्हणजे भ्रूणाच्या मधल्या थराची निर्मिती, हे जवळजवळ तत्त्व झाले होते. १८९३ मध्ये ज्युलिया प्लॅट या अमेरिकन संशोधिकेने एका पाणसरड्याच्या भ्रूणात पाहिले की डोक्याची कूर्चा आणि दातांचे डेंटिन बाहेरच्या थरातून आलेल्या पेशींपासून बनते. तिच्या निष्कर्षावर जोरदार टीका झाली. विद्यापीठात तिला नोकरी मिळाली नाही आणि तिने संशोधन सोडले. पुढे कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्ह गावाची ती महापौर झाली. तिचे म्हणणे बरोबर होते. मेंदू आणि मज्जारज्जू तयार होताना त्यांच्या कडांवरून न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशी सुटतात आणि चेहऱ्याकडे स्थलांतर करतात. १९६९ पासून फ्रान्समध्ये निकोल ल दुआरँ यांनी लाव्याच्या पेशी कोंबडीच्या भ्रूणात बसवून हे निर्विवाद केले. लाव्याच्या पेशींचे केंद्रक वेगळे दिसते, त्यामुळे कुठली पेशी कुठे गेली याचा माग लागला. जबड्याचे हाड, मेकेलची कूर्चा, डेंटिन आणि सिमेंटम यांचा उगम या एकाच पेशीसमूहात आहे. एनॅमल तेवढे तोंडाच्या आतल्या पातळ आवरणाच्या पेशींपासून येते.

वाढ कुठे होते

जिवंत हाड कसे वाढते हे बाहेरून दिसत नाही. तपासण्याचे साधन अपघाताने मिळाले. लंडनचे शल्यवैद्य जॉन बेल्चर एका कापड रंगवणाऱ्याच्या घरी जेवायला गेले होते, तेव्हा ताटातल्या डुकराच्या मांसातली हाडे लाल दिसली. त्या डुकरांना रंगाच्या हौदातला कोंडा खायला दिला जात होता आणि त्यात मॅडर या झाडाच्या मुळांचा रंग होता. हे झाड आपल्याकडच्या मंजिष्ठेच्याच प्रजातीतले. त्याचा रंग नुकत्याच बसत असलेल्या कॅल्शियमला चिकटतो, जुन्या हाडाला नाही. १७३६ मध्ये बेल्चर यांनी हे रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. हाडाच्या वाढीची तारीख हाडावरच लिहिण्याची सोय त्यामुळे झाली. या मुळांतले अ‍ॅलिझरीन हे रंगद्रव्य आजही प्रयोगशाळांत भ्रूणांची हाडे लाल दाखवायला वापरतात, त्याच्या जोडीला कूर्चेसाठी निळा रंग.

जॉन हंटर यांनी या रंगाचे प्रयोग जबड्याकडे वळवले आणि त्याबरोबर वेगवेगळ्या वयांच्या माणसांचे जबडे शेजारी ठेवून मोजले. १७७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी दातांवरच्या त्यांच्या ग्रंथातला निष्कर्ष तेव्हाच्या समजुतीला धक्का देणारा होता. मुलाच्या जबड्यात दुधाच्या दातांनी व्यापलेली कमान मोठेपणीही फारशी लांबत नाही. दाढांना लागणारी जागा जबड्याच्या मागच्या टोकाला तयार होते. जबड्याच्या उभ्या भागाच्या मागच्या कडेवर हाड पडत जाते, पुढच्या कडेवरचे निघत जाते आणि उभा भाग हळूहळू मागे सरकतो. एकेकाळी जो उभा भाग होता तिथे पुढे दाढ बसते. १८६० च्या दशकात केंब्रिजचे जॉर्ज हम्फ्री यांनी डुकराच्या पिल्लांच्या जबड्यात दोन्ही कडांभोवती तारा गुंफून हेच तपासले. मागच्या कडेची तार हाडात गाडली गेली, पुढच्या कडेची मोकळी पडली.

हाड वाढते म्हणजे केवळ त्यात भर पडते असे नव्हे, ही समज इथून सुरू झाली. एका बाजूला घडवणाऱ्या पेशी आणि दुसऱ्या बाजूला विरघळवणाऱ्या पेशी जोडीने काम करतात, म्हणून जबडा आकार न बिघडता मोठा होतो. दातांच्या तारा याच तत्त्वावर चालतात. स्वीडिश दंतवैद्य कार्ल सँडस्टेट यांनी १९०४ मध्ये कुत्र्यांच्या दातांवर सतत दाब देऊन दाखवले की ज्या बाजूला अस्थिबंध दाबला जातो तिथले हाड विरघळते आणि जिथे तो ताणला जातो तिथे नवे हाड बसते. दाब फार झाला तर दाबलेला भाग निर्जीव होतो आणि दात उलट अडकून बसतो. तारेची पकड हळुवार का ठेवतात, याचे कारण या निरीक्षणात आहे.

माणसाच्या चेहऱ्याची वाढ मोजण्याचे काम १९३१ मध्ये नव्या पायावर आले. अमेरिकेत हॉली ब्रॉडबेंट आणि जर्मनीत हर्बर्ट होफ्राट यांनी एकाच वर्षी डोके ठरावीक स्थितीत धरून क्ष-किरण छायाचित्र काढण्याची पद्धत सादर केली. वर्षानुवर्षे तीच मुले, तीच स्थिती. पण दोन छायाचित्रे एकावर एक ठेवायची ती कोणत्या खुणेवर? हाडाचे प्रत्येक टोक तर बदलत असते. कोपनहेगनच्या आर्ने ब्यॉर्क यांनी १९५५ मध्ये याला उत्तर दिले. मुलांच्या जबड्यांत टँटलम धातूच्या बारीक टाचण्या बसवल्या, त्या हाडाबरोबर स्थिर राहिल्या आणि त्यांच्या संदर्भात खरी वाढ दिसली. वर्षाला सरासरी तीन मिलिमीटरच्या आसपास वाढणारे सांध्याचे टोक किशोरवयातल्या झपाट्यात वर्षाला पाच मिलिमीटरहून अधिक वाढते. शिवाय जबडा वाढताना बराच फिरतो, आणि पृष्ठभागावर होणारी घडमोड हे फिरणे झाकून टाकते. बाहेरून पाहणाऱ्याला ते कधीच कळले नसते. निरोगी मुलांच्या हाडात धातू बसवायला आज कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही, म्हणून ब्यॉर्क यांची नोंद अजूनही जपून वापरली जाते.

सांध्याच्या टोकावरची कूर्चा हा वादाचा दुसरा विषय. मांडीच्या हाडाच्या टोकाशी असणाऱ्या वाढीच्या पट्टीसारखी ती दिसते, पण तिची जात निराळी आहे. वाढीच्या पट्टीतल्या कूर्चापेशी स्वतः विभागतात आणि एकावर एक रांगेत रचल्या जातात. जबड्याच्या कूर्चेत विभागणाऱ्या पेशी तंतुमय आवरणाखाली असतात आणि त्या नंतर कूर्चापेशी बनतात. ही कूर्चा भ्रूणात उशिरा, दहाव्या आठवड्यानंतर, आधीच तयार असलेल्या हाडावर येते. बराच काळ तिलाच जबड्याला पुढे ढकलणारे इंजिन मानले जात होते. १९६२ मध्ये मेल्विन मॉस यांनी याच्या अगदी उलट सिद्धांत मांडला : चेहऱ्याचे हाड स्वतःहून वाढत नाही, भोवतालचे स्नायू, श्वासमार्ग, जीभ यांच्या वाढीला ते प्रतिसाद देते. फ्रान्समध्ये अलेक्झांडर पेत्रोविच यांनी उंदरांचा जबडा उपकरणाने पुढे धरून ठेवला तेव्हा सांध्याच्या कूर्चेत पेशींची वाढ जोमाने होऊ लागली, आणि मॉस यांना आधार मिळाला. आज दोन्ही टोके जशीच्या तशी कुणी धरत नाही. कूर्चेला भाराची जाणीव होते हे नक्की. मात्र मुलांमध्ये अशी उपकरणे वापरल्याने जबड्याची अंतिम लांबी फारशी बदलत नाही, असे दीर्घकालीन अभ्यास सांगतात. आईवडिलांना मोठी आश्वासने देण्यापूर्वी हे लक्षात ठेवायला हवे.

दात कसा घडतो

गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात तोंडाच्या आतल्या आवरणाची एक पट्टी जाड होते, तिच्यातून कळ्या खाली उतरतात आणि त्यांच्याभोवती न्यूरल क्रेस्टच्या पेशी गोळा होतात. दात व्हायचा की नाही, याचा पहिला निरोप वरच्या आवरणाकडून खाली जातो. काही काळाने निर्णयाची सूत्रे खालच्या पेशींकडे येतात. एडवर्ड कोलर यांनी उंदरांच्या भ्रूणांत दाढेच्या खालच्या पेशी पुढच्या दाताच्या आवरणाखाली ठेवल्या तेव्हा दाढच तयार झाली. १९८० मध्ये त्यांनी कोंबडीच्या आवरणाला उंदराच्या पेशी जोडून दातासारखी रचना मिळवल्याचे जाहीर केले. त्यावर शंका घेतल्या गेल्या. २००६ मध्ये एका विशिष्ट जनुकदोष असलेल्या कोंबडीच्या भ्रूणांत मगरीच्या दातांसारखे उंचवटे आढळले, तेव्हा दात सुरू करण्याची क्षमता पक्ष्यांमधून पूर्णपणे गेलेली नाही हे दिसून आले. फिनलंडमधल्या इर्मा थेस्लेफ आणि युक्का येर्नवाल यांच्या गटांनी दाढेवरचे उंचवटे ठरवणाऱ्या पेशींच्या लहान गाठीचे काम उलगडले. त्या गाठीतल्या पेशी स्वतः विभागत नाहीत, पण भोवतालच्या पेशींना वाढण्याचे निरोप देत राहतात.

एनॅमल घडवणाऱ्या अमेलोब्लास्ट पेशी दोन टप्प्यांत काम करतात. पहिल्या टप्प्यात त्या अमेलोजेनिन हे मुख्य प्रथिन आणि त्याबरोबर थोडे खनिज बाहेर टाकत मागे सरकतात. रोज सुमारे चार मायक्रोमीटर जाडी चढते. या टप्प्याअखेर एनॅमलला पूर्ण जाडी आलेली असते, पण ते मऊ असते आणि त्यात खनिज अजून कमीच असते. दुसऱ्या टप्प्यात प्रथिने विकरांनी तोडून काढली जातात आणि लांबच लांब, अरुंद स्फटिक जाड होत एकमेकांना भिडतात. हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट बसताना आम्ल तयार होते, त्यामुळे अमेलोब्लास्टना सतत बायकार्बोनेट पुरवत राहावे लागते. तसे झाले नाही तर बसत असलेले खनिजच विरघळेल. काम संपले की या पेशी नाहीशा होतात. म्हणून दात तोंडात आल्यावर एनॅमलमध्ये एकही जिवंत पेशी उरत नाही. हाड मोडले तर जुळते, डेंटिनच्या आतून नवा थर पडू शकतो, एनॅमलचा तुकडा उडाला तर तो पुन्हा येत नाही. २०१५ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांचे एनॅमल अणुअणूने तपासताना स्फटिकांच्या सांध्यांत मॅग्नेशियमयुक्त, अस्फटिक खनिजाचे अतिपातळ थर सापडले. किडीचे आम्ल आत शिरते ते आधी याच थरांतून.

एनॅमलचे दुसरे वैशिष्ट्य असे की ते आपल्या घडणीची नोंद ठेवते आणि ती नंतर पुसली जात नाही. झाडाच्या खोडातल्या वलयांप्रमाणे दाताच्या पातळ छेदात रोजच्या बारीक रेषा आणि त्यांच्यामध्ये ठरावीक अंतराने ठळक रेषा दिसतात. अँडर्स रेट्झियस यांनी १८३७ मध्ये या ठळक रेषांचे वर्णन केले. माणसात दोन ठळक रेषांमध्ये बहुधा सहा ते बारा दिवस असतात. दुधाच्या सर्व दातांत आणि बहुधा पहिल्या कायमच्या दाढेत एक रेषा जन्माच्या वेळची असते. गर्भातले एनॅमल आणि जन्मानंतरचे एनॅमल यांची सीमा ती दाखवते. आयझॅक शौअर यांनी १९३६ मध्ये तिचा सविस्तर अभ्यास केला. न्यायवैद्यकात तान्हे बाळ जिवंत जन्मले होते का, हे ठरवायला ती उपयोगी पडते. पुरातत्त्वज्ञ तिच्यापासून मोजत जाऊन बालपणातल्या आजारांचे आणि उपासमारीचे दिवस काढतात. अमेलोजेनिनचे जनुक एक्स आणि वाय या दोन्ही गुणसूत्रांवर थोड्या फरकाने असते, त्यामुळे ओळख पटवण्याच्या डीएनए चाचण्यांत लिंग ठरवायला त्याचाच आधार घेतात.

दात वर कसा येतो, हा प्रश्न फार काळ मूळ लांबून दाताला वर ढकलत असावे अशा समजुतीवर सोडून दिला होता. अमेरिकेत डोनाल्ड केहिल आणि सँडी मार्क्स यांनी १९८० च्या दशकात कुत्र्यांच्या उगवणाऱ्या दाढा काढून त्यांच्या जागी, दाताभोवतीची पिशवी तशीच ठेवून, धातूच्या आणि सिलिकॉनच्या प्रतिकृती बसवल्या. त्याही वर आल्या. पिशवी काढली तर मात्र खरा दातही जागचा हलला नाही. वाट मोकळी करणाऱ्या, हाड विरघळवणाऱ्या पेशींना बोलावण्याचे काम पिशवी करते. रनएक्स२ या जनुकात दोष असलेल्या मुलांत हीच वाट तयार होत नाही. त्यांची गळपट्टीची हाडे अपुरी असतात, कायमचे दात आणि त्यांच्याशिवाय जादाचे दातही हाडात अडकून पडतात. या आजाराचे मूळ रनएक्स२ मध्ये आहे हे १९९७ मध्ये कळले.

बिघाडाच्या खुणा

खनिज भरण्याच्या काळात जे घडते ते दातात कायमचे कोरले जाते. मे मेलॅनबी यांनी १९१८ पासून कुत्र्याच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगांत आहारात पुढे ड जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेलेले द्रव्य कमी पडले तर जबडे जाड आणि बेढब होतात, दात उशिरा येतात आणि एनॅमल खडबडीत, खाचांचे बनते, असे दिसले. मुडदूस बरा झाला की हाडे सरळ होऊ शकतात. दातांवरच्या खाचा तशाच राहतात. टेट्रासायक्लिन प्रतिजैविक कॅल्शियमला चिकटते, म्हणून गर्भारपणात आणि आठ वर्षांच्या आत ते दिल्यास दात पिवळे-तपकिरी होतात. हाच दोष संशोधकांनी साधन म्हणून वापरला. ठरावीक अंतराने दोनदा टेट्रासायक्लिन दिल्यावर अतिनील प्रकाशात हाडात दोन चकाकणाऱ्या रेषा दिसतात आणि त्यांमधल्या अंतरावरून हाड दिवसाला किती बसते हे मोजता येते.

फ्लोराइडचे प्रकरण महाराष्ट्राला जवळचे आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात १९०१ मध्ये व्यवसाय सुरू केलेल्या फ्रेडरिक मॅके यांना तिथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. त्याचे कारण पाण्यातले जादा फ्लोराइड आहे हे १९३१ मध्ये सिद्ध झाले. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत खोल विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे आणि तिथल्या मुलांच्या दातांवर तेच पांढुरके-तपकिरी पट्टे दिसतात. भारतीय मानकांनुसार ते लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आत असावे, दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते. फ्लोराइड जास्त झाले की एनॅमलमधली प्रथिने वेळेवर बाहेर पडत नाहीत आणि पृष्ठभागाखाली सच्छिद्रता राहते. याच फ्लोराइडचे अल्प प्रमाण एनॅमलला आम्लापासून वाचवते. प्रश्न मात्रेचा आहे, आणि त्या गावांतल्या मुलांच्या हाती मात्रा निवडणे नाही. त्यांच्या दातांवरची नोंद पाणीपुरवठ्याच्या निर्णयांची आहे.

जबड्याच्या हाडाची घडमोड वेगाने चालते म्हणून काही विषे आणि औषधे आधी तिथेच इजा करतात. एकोणिसाव्या शतकात काड्यापेटीच्या कारखान्यांत पांढरा फॉस्फरस वापरणाऱ्या कामगारांचा जबडा सडत असे. १८८८ मध्ये लंडनच्या काडेपेटी कामगार स्त्रियांनी संप केला, त्यामागच्या तक्रारींत हाही आजार होता. पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार बर्न येथे १९०६ मध्ये झाला. फ्लाइश यांच्या पायरोफॉस्फेटवरच्या कामातूनच बिस्फॉस्फोनेट ही हाडांची झीज रोखणारी औषधे आली, आणि २००३ मध्ये असे दिसले की कर्करोगासाठी ती मोठ्या मात्रेत घेणाऱ्या काही रुग्णांत दात काढल्यावर जबड्याचे हाड उघडे पडून मरत होते. म्हणून असे उपचार सुरू करण्यापूर्वी दातांची तपासणी करून घेतात.

नवा दात

गमावलेल्या दाताच्या जागी दुसरा दात उगवावा यासाठी दोन वाटांनी प्रयत्न चालू आहेत. जपानमध्ये ताकाशी त्सुजी यांच्या गटाने २००७ ते २००९ दरम्यान उंदरांच्या भ्रूणातल्या दोन प्रकारच्या पेशी एकत्र आणून दाताची कळी बनवली, ती प्रौढ उंदराच्या जबड्यात लावली आणि तिच्यापासून चावणारा, वेदना जाणवणारा दात उगवला. या मार्गाची अडचण भ्रूणपेशींची आहे. प्रौढ माणसात अमेलोब्लास्ट उरलेलेच नसतात.

दुसरी वाट क्योतोच्या कात्सु ताकाहाशी यांची. युसॅग-१ हे प्रथिन दाताच्या कळ्यांच्या वाढीला आवर घालते. त्याला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड दिल्यावर, दात नसलेल्या उंदरांत आणि फेरेट प्राण्यात दात उगवल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. म्हणजे नवे काही घालण्याऐवजी असलेला अडसर काढायचा, असा हा मार्ग आहे. २०२४ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या रुग्णालयात प्रौढ पुरुषांवर या प्रतिपिंडाची सुरक्षितता तपासणे सुरू झाले. त्यानंतर जन्मतःच अनेक दात नसलेल्या लहान मुलांवर उपचार करण्याचा संशोधकांचा विचार आहे. अशा मुलांमध्ये जिथे दात नसतो तिथे दाताला धरणारे हाडही उंच वाढत नाही, कारण ते हाड दाताबरोबरच घडते आणि दात गेला की झिजते. त्यामुळे उपचार यशस्वी झाला की नाही हे मोजताना दाताच्या शीर्षाबरोबर त्याच्याभोवतीचे हाड, सिमेंटम आणि अस्थिबंध हे सगळे एकत्र तयार झाले आहे का, हे पाहावे लागेल.